मी वहाणेला हो म्हटलं होतं

सुरतेत मला नावाने फार थोडे लोक ओळखतात. मालिशवाळां बेन म्हटलं की अठवा लाईन्सकडच्या बंगल्यांतल्या सासवा लगेच सांगतात, हां, ती नवागामची, कमी बोलते ती. कमी बोलते हे खरं आहे. माझ्या कामात ते चालून जातं. बाळाला बोलता येत नाही, बाळंतीण थकलेली असते, आणि त्या दोघांच्या वाटचं सासू बोलते.

काम तसं सोपं दिसतं. सकाळी जायचं, हात गरम पाण्याने धुवायचे, बांगड्या वर सारायच्या, वाटीत तेल कोमट करायचं. आधी आईला चोळायचं, मग बाळाला. पाटावर पाय लांब करून बसायचं आणि बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं. डोक्यावरून पाणी घालताना त्याच्या कपाळाशी हात आडवा धरायचा, म्हणजे नाकात पाणी जात नाही. मग ओवा आणि बाळंतशेपेची धुरी. एवढं कुणीही पाहून शिकेल. पाहून शिकता येत नाही ती गोष्ट एकच. हाताखालचं अंग काय सांगतं ते ऐकावं लागतं. बाळंतीण तोंडाने ‘बरं आहे’ म्हणते आणि तिची पोटरी लाकडासारखी असते. मग समजायचं की घरात काहीतरी झालं आहे. विचारायचं नाही. हात थोडा जास्त वेळ तिथे ठेवायचा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका घरी बाळाचं नाक रोज चिमटीत धरून लांब करायला सांगायचे, कारण बापाचं नाक बसकं होतं. मी नुसतं तेलाचं बोट फिरवायची. पोरगा मोठा झाला, नाक बापाचंच निघालं, तरी त्याची आजी सगळ्यांना सांगते की इंदुबेनच्या हातामुळे एवढं तरी आलं. दुसऱ्या एका घरात सून मालिश होईपर्यंत फोनवर मैत्रिणीशी बोलायची आणि मधेच मला ‘धीरे, धीरे’ म्हणायची. ते मला आहे की मैत्रिणीला, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

पण मला लिहायचं आहे ते जहाजाबद्दल. मी जहाजात बसून फिरायला गेले होते हे नवागाममध्ये अजून कुणाला खरं वाटत नाही. कधी कधी मलाही वाटत नाही.

किरीटभाईंचा साड्यांचा व्यापार होता. त्यांच्या बायकोची, हंसाबेनची, दोन्ही बाळंतपणं मी केली. नंतर किरीटभाईंच्या आईला, बांना, लकवा झाला. डावी बाजू गेली, तोंडही थोडं वाकडं झालं. डॉक्टरांनी मालिश सांगितली आणि मी परत त्या घरात गेले. बांचं बोलणं जड झालं होतं. घरातले सगळे ‘हें? शुं कह्युं?’ करत. मला मात्र समजायचं, निदान तसं मी धरून चालले होते.

थंडीचे दिवस होते. डॉक्टरांनी बांना नवीन पट्ट्यांच्या चपला घालून कंपाउंडात रोज चालायला सांगितलं होतं आणि बा ऐकत नव्हत्या. एक दिवस दिवाणखान्यात सगळे बसले होते. मी बांचे पाय चोळत होते. बा माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वहाणमां जवानुं छे. तू आवहे ने?”

आमच्या खानदेशात पायातल्या चपलेला वहाण म्हणतात. मला वाटलं, बा शेवटी नवीन चपला घालून चालायला तयार झाल्या आणि धरायला मी हवी आहे. मी म्हटलं, “हो बा, येणार ना. मी नाही तर कोण येईल?”

सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. हंसाबेन तर उठून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या तेलकट हातावर पेढा ठेवला. मला बरं वाटलं. म्हातारी चालणार म्हणून किती आनंद झाला आहे घराला, असं मनात आलं.

पुढे एकदा हंसाबेन म्हणाल्या, “इंदुबेन, काले चोख्खी साडी पहेरीने आवजो. फोटो पडाववानो छे.” उद्या फोटो कशाला, विचारलं. “पासपोर्टनो.” तेव्हा कळलं. गुजरातीत वहाण म्हणजे जहाज. घरातले बाकी सगळे स्टीमर म्हणत, म्हणून तो शब्द माझ्या कानावर कधी आलाच नव्हता. एकट्या बा वहाण म्हणत, कारण त्या खाडीकाठच्या गावच्या होत्या. त्यांच्या वडिलांचं शिडाचं वहाण होतं. लहानपणी बा काठावर उभ्या राहून ते जाताना बघायच्या. मुलींना त्यात चढू देत नसत. आता मुलाने सिंगापूरहून निघणाऱ्या नव्या जहाजाची तिकिटं काढायचं ठरवलं, तेव्हा बांनी अट घातली होती की इंदू आली तरच मी येईन. आणि इंदूने सगळ्यांसमोर हो म्हटलं होतं.

घरी येऊन सांगितलं. आम्ही घरात अहिराणी बोलतो. आमचे हे लूम खात्यातून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, नुकतेच आले होते, कानांत अजून खटखट असावी, म्हणून दोनदा सांगावं लागलं. मग ते हसत सुटले. “चप्पलले हा म्हननी नि समुंदरमा चालनी,” असं गल्लीत ज्याला त्याला सांगत फिरले.

मला हसू येत नव्हतं. माझी एकुलती एक मुलगी संगीता अमळनेरला दिली आहे. तिला दिवस गेले होते. आमच्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. ती आखाजीला येणार आणि पहिल्या बाळंतपणासाठी राहणार, हे ठरलेलं होतं. दुसऱ्यांच्या इतक्या मुली मी उठवून बसवल्या, माझ्या मुलीला मी कुणाच्या हाताखाली देणार नव्हते. हंसाबेनना कसंबसं सांगितलं. त्यांनी विचारलं, “जेठमां ने? आपणे तो वैशाखमां पाछा.” हिशेब बरोबर होता. मी गप्प बसले. आणि बा येईल जाईल त्याला सांगत होत्या की इंदू येते आहे, माझी इंदू एकदा बोलली की बोलली.

आखाजीनंतर आम्ही निघालो तेव्हा संगीता दारात उभी होती. म्हणाली, “जाऊन ये माय. मी काही पळून जात नाही.” मी तिच्या पोटावर हात ठेवून पाहिला. बाळ अजून वर होतं, खाली उतरलं नव्हतं. तरी पाय निघत नव्हता.

जहाज नवंकोरं होतं. जिन्यांत अजून रंगाचा आणि गालिच्याच्या गोंदाचा वास येत होता. दाराला किल्ली नव्हती, पत्त्यासारखं एक कार्ड होतं. ते खाचेत घातलं की हिरवा दिवा लागायचा. मी उलटं घालायची आणि लाल दिव्याकडे बघत उभी राहायची. नळाखाली हात धरला की पाणी आपोआप यायचं, काढला की बंद. तेलाचे हात धुवायला मला सारखी धार लागते, तो नळ मला मधेच तोडायचा. संडासचं बटण दाबलं की ते एकदम ओरडून सगळं ओढून घ्यायचं. बा त्याला राक्षस म्हणायच्या आणि आधी मला आत जाऊन त्याला गप्प करायला लावायच्या. खोलीतल्या टीव्हीवर निळा नकाशा होता आणि त्यात एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे आपण. मी कितीही वेळ बघितलं तरी ठिपका हलायचा नाही. नजर काढली की थोडा सरकलेला असायचा.

खिडकी उघडत नव्हती. बा पहिल्याच दिवशी काचेला नाक लावून म्हणाल्या, “दरियो क्यां छे? आ तो टीवी छे.” खारा वारा नाही, हलणं नाही, वास नाही. थंड हवेत सगळे स्वेटर घालून बसलेले. किरीटभाई म्हणाले, “बा, हीच तर मजा आहे. कळतच नाही पाण्यात आहोत.” बा म्हणाल्या, मग घरी काय वाईट होतं.

मला तिथे कामच नव्हतं. हंसाबेन म्हणाल्या, चादरी पांढऱ्या आहेत, तेल नको. वरच्या मजल्यावर मालिशचं पार्लर आहे, तिथे विजेची खुर्ची आहे, तिच्यात बांना बसवू. खुर्चीच्या पाठीतून गोळे वरखाली फिरायचे. बांना ती खुर्ची आवडली. डोळे मिटून “हारुं छे, हारुं छे” म्हणत बसल्या. मी बाजूला त्यांची शाल धरून उभी. हंसाबेन मला म्हणाल्या, “इंदुबेन, तमे पण रजा माणो ने.” रजा कशी माणतात ते मला माहीत नव्हतं. जन्मात कधी घेतली नव्हती. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायची, परत यायची. डेकवर लोक अंगाला तेल लावून उघड्यावर पडलेले असायचे. स्वतःच्या हाताने लावायचे, नुसतं वरवर. माझे हात शिवशिवायचे. आणि सारखी संगीता डोळ्यांपुढे यायची. तिच्या पायांना सूज आली असेल का, आमचे हे तिला पाणी कोमट करून देतील का, की ती लाजून सांगणारच नाही. तिचा स्वभाव माझ्यावर गेला आहे.

किरीटभाई रोज जहाजावरून दुकानात धाकट्या भावाला फोन करायचे. एके दुपारी हंसाबेन पोरांना घेऊन खेळ बघायला गेल्या आणि बांनी मला दार लावायला सांगितलं. “चादर जाय चूल्हामां,” म्हणाल्या, “पग दबाव.” मी टॉवेल अंथरून तेल घेतलं.

उजवा पाय बांचा चांगला पाय. त्या दिवशी तो दगड झाला होता. अंगठा आत वळलेला. मी पोटरीवर हात ठेवला की त्यांचा श्वास थांबायचा, उचलला की सुटायचा. रोज बडबडणारी म्हातारी छताकडे बघत होती. दुसऱ्या घरी मी नियमाप्रमाणे नुसता हात ठेवून बसले असते.

मी विचारलं, “बा, काय झालं?”

“काय नी.” सुरतीत ‘काय नी’ म्हणजे काही नाही.

“बा, तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवून ठेवलंय.”

त्यांच्या वाकड्या ओठाच्या कडेने पाणी आलं. “तारी छोकरीने दवाखाने लई गया,” त्या म्हणाल्या. “काल सवारे. किरीटे ना पाडी, तने नी केहवानुं.”

म्हणजे कालच सकाळी संगीताला दवाखान्यात नेलं होतं. आमच्या यांनी दुकानात जाऊन सांगितलं होतं, दुकानातून किरीटभाईंना कळलं होतं, आणि मला न सांगायचं ठरलं होतं. आठवा महिना होता.

मी हातही धुतले नाहीत. जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये किरीटभाई सात-आठ व्यापाऱ्यांबरोबर बसले होते. मी त्या घरात इतकी वर्षं जाते, पण बाहेरचे पुरुष बसलेल्या खोलीत कधी पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी टेबलापर्यंत गेले आणि म्हटलं, “भाई, मला फोन लावून द्या.”

किरीटभाई उभे राहिले. माणूस वाईट नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, “बेन, अहींथी तमे शुं करवाना हता? नाहक जीव जाळत बसला असता.”

“काहीच करणार नव्हते,” मी म्हटलं. “पण माझी मुलगी कशी आहे ते मला माहीत पाहिजे होतं.”

ते मला फोनच्या खोलीत घेऊन गेले. तो फोन आकाशातून जातो म्हणे. आपण बोललं की थोडं थांबावं लागतं, मग तिकडून आवाज येतो, आणि मधे आपलाच आवाज परत ऐकू येतो. धाकट्या भावाला एवढंच माहीत होतं की अंगावरून पाणी गेलं होतं, सरकारी दवाखान्यात नेलं, पुढचं काही कळलं नाही. आता माणूस पाठवतो, उद्या सकाळी फोन करा. मी “संगीता कशी आहे?” विचारलं आणि माझाच आवाज मला परत विचारत आला, संगीता कशी आहे.

जहाज उलटं फिरवता येत नाही. एवढी यंत्रं, आणि त्यातलं एकही मला नवागामला नेऊ शकत नव्हतं. मी चालत राहिले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, मग खालच्या मजल्यावर तेच. चालता चालता पार्लरपाशी आले. तिथली मुलगी, कुठल्या देशाची होती माहीत नाही, बारीक डोळ्यांची, बाहेर स्टुलावर बसून आपलीच मनगटं चोळत होती. तिने मला बसायला जागा केली. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. तिने माझा हात उलटा करून अंगठ्याच्या बुडाशी पाहिलं. तिथे माझा घट्टा आहे. मग आपला अंगठा दाखवला. तिलाही तिथेच होता, लहान. तिने माझी मनगटं हातात घेतली आणि दाबायला लागली. हात चांगला होता तिचा. कुणीतरी माझं अंग चोळण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती. संगीता झाली तेव्हाही मला चोळायला कुणी मिळालं नव्हतं. मला रडू आलं आणि तिला वाटलं दुखलं, ती लगेच हलकं दाबायला लागली.

खोलीत परत आले तर बा जेवल्या नव्हत्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, आमच्या गावात पुरुष वहाणातून जायचे आणि बायका काठावर बसायच्या. निरोप नाही, चिठ्ठी नाही. तुझं उलटं झालं, तू वहाणात आणि पोर काठावर. मग म्हणाल्या, “मारे लीधे तू आवी.” माझ्यामुळे तू आलीस.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. “बा, मी वहाणेला हो म्हटलं होतं. आमच्यात वहाण म्हणजे चप्पल. मला वाटलं तुम्ही चालायला निघाल्या.”

बांनी माझ्याकडे पाहिलं, मग पलंगाखालच्या आपल्या पट्ट्यांच्या चपलांकडे पाहिलं. आणि हसायला लागल्या. अर्ध्याच तोंडाने, आवाज न करता, पोट हलवत. मीही हसले. मग त्यांनी चांगल्या हाताने माझा कान धरला. “तो बोली केम नी, मूई?” मग बोलली का नाहीस, मेले.

“तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलं होतं,” मी म्हटलं.

त्यांनी कान सोडला नाही. तशाच धरून बसल्या, बराच वेळ.

सकाळी फोन लागला तेव्हा किरीटभाईंनी आधी स्वतः ऐकलं नाही, रिसीव्हर माझ्याच हातात दिला. मुलगी झाली होती. संगीता शुद्धीवर होती. बाळ फार लहान होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. जगेल का, मी विचारलं. पलीकडचा आवाज थोडा थांबून आला. ते थांबणं फोनचं होतं की माणसाचं, मला कळेना. “डॉक्टर काही सांगत नाहीत,” तो म्हणाला.

जहाजातून परत सिंगापूरला उतरल्यावर घरच्यांचं अजून दोन दिवस फिरायचं ठरलं होतं. बांनी हट्ट धरला की आपण सगळे आधी घरी. हंसाबेनचं तोंड उतरलं, पण त्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मुंबईहून सुरतेची गाडी मिळाली. स्टेशनवरून मी तशीच दवाखान्यात गेले.

हे बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसले होते. दाढी वाढलेली. आत संगीता खाटेवर पडली होती. मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी पाय चेपायला गेले तर पाय ओढून घेतले. थोड्या वेळाने भिंतीकडेच बघत म्हणाली, “सारा सुरतना पोरे तुन्हा हातखाल मोठा व्हयनात. मन्ही बारीले तू पानीमा.” सगळ्या सुरतेची पोरं तुझ्या हाताखाली मोठी झाली आणि माझ्या वेळेला तू पाण्यात. वहाणेची गोष्ट तिला तेव्हा सांगण्यासारखी नव्हती. दिवसभर मी तिच्या उशाशी बसले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. म्हणाली, आईला पेटीत हात घालायला परवानगी आहे, पण एकच बाई, आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. संगीताला चालवत नव्हतं म्हणून धरायला मला आत सोडलं. पेटीला एक गोल भोक होतं. आत बाळ होतं. अंगावर मांस नव्हतं, कातडी सैल, पाय माझ्या बोटांएवढे. पोट भरभर वरखाली होत होतं. मला आयुष्यभर जे जे येत होतं त्यातलं काहीही त्याला चालण्यासारखं नव्हतं. तेल नाही, पाणी नाही, धुरी नाही. मी हात पदरात गुंडाळून उभी राहिले.

संगीताने हात भोकापाशी नेला आणि थांबली. घाबरली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “माय, कसं धरू?”

“धरू नको,” मी म्हटलं. “पाठीवर हात नुसता ठेव. चोळू नको, थापटू नको. जड करू नको.”

तिने ठेवला. बाळाने पाय पोटाशी ओढले. संगीता हात काढायला गेली. “राहू दे,” मी म्हटलं. “तिला कळू दे कोण आहे.” थोड्या वेळाने पाय हळूहळू खाली आले. संगीताचे खांदे उतरले. सिस्टरने मला खूण केली, आता तुम्ही बाहेर थांबा. संगीताला तिने स्टूल दिलं.

बाहेर आले. यांनी बाकावर जागा केली. मी बसले.

“पोर कशी शे?” यांनी विचारलं.

“कोणती?”

त्यांनी जरा विचार केला. “धाकली.”

“तिच्याजवळ तिची माय आहे.”

“आणि मोठी?”

मी बाकावरून उठले आणि परत जाऊन संगीता होती त्या खोलीच्या दारापाशी उभी राहिले.